चौथ्या पिढीची कॅमेरो आणि फायरबर्ड (१९९३–२००२): घरी फ्युएल पंप बदलण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या गाड्यांचा फ्युएल पंप टाकीच्या आत बुडालेला असतो. टाकी मागच्या ॲक्सलच्या मागे, डिकीच्या पत्र्याला खालून चिकटून बसवलेली आहे आणि वरून हात घालायला कुठेही झाकण नाही. आधी सायलेन्सर, मग ॲक्सल, मग टाकी खाली उतरवावी तेव्हा कुठे पंप दिसतो. काम किचकट आहे, पण अवघड नाही. दोन माणसं, दोन दिवस आणि नीट तयारी असेल तर घरच्या गॅरेजमध्ये होतं. अमेरिकेत पेट्रोलला सगळे ‘गॅस’ म्हणतात. इथे घोटाळा नको म्हणून सरळ पेट्रोलच लिहिलं आहे.

नक्की कोणत्या गाड्यांना हे लागू होतं?

शेवर्ले कॅमेरो आणि पाँटियाक फायरबर्ड, मॉडेल वर्ष १९९३ ते २००२. फायरबर्डच्या फॉर्म्युला आणि ट्रान्स ॲम या आवृत्त्या त्यातच आल्या. १९९८ पर्यंतची टाकी पत्र्याची आणि १५.५ गॅलनची, म्हणजे सुमारे ५८.७ लिटरची आहे. १९९९ पासून प्लास्टिकची आणि १६.८ गॅलनची, सुमारे ६३.६ लिटरची. एलएस१ इंजिनाच्या (१९९८ पासूनचं आठ सिलिंडरचं इंजिन) गाडीत आणखी एक फरक लक्षात ठेवा. १९९८ च्या गाडीत जास्तीचं पेट्रोल टाकीत परत नेणारी वेगळी लाइन आहे आणि दाबाचा रेग्युलेटर इंजिनावर आहे. १९९९ पासून ती लाइन गेली आणि रेग्युलेटर टाकीतल्या मॉड्यूलमध्ये (पंप आणि पेट्रोलची पातळी मोजणारा फ्लोट एकत्र बसवलेला संच) आला. पार्ट मागवताना दुकानदाराला वर्ष न चुकता सांगा. ९८ चं मॉड्यूल ९९ ला चालत नाही.

भारतातल्या कितीतरी गाड्यांत मागची सीट उचलली की पंपाचं झाकण दिसतं. इथे तसं का नाही?

त्या गाड्यांत टाकी सीटखाली असते आणि फरशीच्या पत्र्याला मुळातच भोक ठेवलेलं असतं. या गाडीत टाकीच्या वरचा पत्रा सलग आहे. कारखान्यात टाकी खालूनच चढवली जाते, त्यामुळे काढायचीही खालूनच.

पंपच गेला आहे हे कसं ओळखायचं?

यावर एक तास घालवा, दोन दिवस वाचतील. टाकी उतरवल्यावर पंप ठणठणीत निघाला असं पुष्कळदा होतं, कारण आधी कोणी दाब मोजलेलाच नसतो.

पहिलं काम कानाचं. किल्ली ‘ऑन’ केली की गाडीचा कॉम्प्युटर पंप दोन सेकंद चालवून थांबवतो. मागच्या सीटजवळ कान दिला तर बारीक घुंई ऐकू येते. काहीच ऐकू आलं नाही तर फ्यूज बॉक्समधला फ्यूज आणि रिले पाहा. तिथे सारख्याच बनावटीचे आणखी रिले असतात, त्यांतला एक तात्पुरता बदलून बघा.

दुसरं, डॅशबोर्डवरचा ‘सिक्युरिटी’ दिवा. या गाड्यांच्या किल्लीत छोटा रेझिस्टर बसवलेला असतो. कॉम्प्युटरला तो ओळखता आला नाही तर चोरीविरोधी यंत्रणा इंजेक्टर आणि स्टार्टर बंद ठेवते. गाडी सुरू होत नाही आणि सगळे पंपाला दोष देतात. तो दिवा पेटलेला असेल तर किल्ली आणि इग्निशन लॉकमधले संपर्क आधी तपासा.

तिसरं आणि निर्णायक म्हणजे प्रेशर गेज. फ्युएल रेलवर (इंजिनावरच्या इंजेक्टरांना पेट्रोल पुरवणारी नळी) सायकलच्या ट्यूबसारखा व्हॉल्व्ह आहे, त्यावर गेज लावा. किल्ली ऑन, इंजिन बंद. एलएस१ ला साधारण ५५ ते ६२ पीएसआय दाब यायला हवा, म्हणजे ढोबळमानाने ४ बार. १९९३–९७ च्या एलटी१ या आठ सिलिंडरच्या इंजिनाला ४१ ते ४७ पीएसआय. किल्ली बंद केल्यावर दहा मिनिटांत पाच पीएसआयपेक्षा जास्त दाब उतरला तर पंपातला चेक व्हॉल्व्ह (पेट्रोल मागे येऊ न देणारा), रेग्युलेटर किंवा एखादा इंजेक्टर गळतोय. त्यात नेहमीचं लक्षण म्हणजे तापलेली गाडी अर्धा तास उभी राहिली की बराच वेळ सेल्फ मारावा लागतो. गाडी चालवताना ॲक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर दाब घसरत असेल तर पंप दमलाय, किंवा फिल्टर चोंदलाय. अशा वेळी गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये पी०१७१ आणि पी०१७४ हे दोषाचे कोड येऊ शकतात, म्हणजे दोन्ही बाजूंच्या सिलिंडरांना पेट्रोल कमी पडतंय.

चौथं, वीज. रिले काढून त्याच्या सॉकेटमध्ये ३० आणि ८७ या टोकांना फ्यूज असलेली वायर जोडा, पंप सतत चालू राहील. आता टाकीच्या जितक्या जवळ पोचता येईल तितक्या जवळ राखाडी वायरवर व्होल्टेज मोजा. बॅटरीपेक्षा एक व्होल्टहून जास्त कमी भरलं तर दोष वायरिंगचा किंवा अर्थिंगचा आहे. नवा पंप घातलात तरी तोही रडतच चालेल.

पंप पूर्ण गप्प असेल तर एकाने सेल्फ मारावा आणि दुसऱ्याने टाकीच्या बुडाला रबरी हातोडीने दोन-चार हलके ठोके द्यावेत. त्यावर गाडी सुरू झाली तर पंपाच्या मोटरचे ब्रश संपलेत. ठोक्यांवर एखाद दिवस निघेल, फार तर दोन.

आधी नुसता फिल्टर बदलून पाहू का?

हो. तो बाहेर, गाडीखाली आहे आणि अर्ध्या तासात बदलतो. जुना फिल्टर येण्याच्या बाजूने पांढऱ्या भांड्यात उलटा करा. काळपट पेट्रोल आणि गंजाचे कण निघाले तर टाकीच्या आत काय आहे तेही कळतं.

डिकीचा पत्रा कापून वरून झाकण केलं तर टाकी उतरवायलाच नको ना?

असं करणारे बरेच आहेत आणि झाकणाची तयार किटही मिळतात. आमचा सल्ला मात्र ‘नको’ असाच आहे. पत्र्याखाली लगेच पेट्रोलच्या लाइन, बाष्पाच्या नळ्या आणि वायरिंग आहे. ग्राइंडरची ठिणगी किंवा ड्रिलचं टोक तिथे पोचायला फार अंतर लागत नाही. शिवाय कापलेली कड गंजते, आणि झाकणाचं सील सैल पडलं की पेट्रोलची वाफ आणि सायलेन्सरचा धूर थेट गाडीत येतो. कार्बन मोनॉक्साइडला वासही नसतो. टाकी नीट उतरवून, दर्जेदार पंप घालून, वायरिंग सुधारून काम केलं तर झाकणाची गरजच पडत नाही.

ज्यांना तरीही कापायचंच आहे त्यांनी पंप बिघडलेला असताना, भरल्या टाकीवर कापू नये. टाकी उतरवून गाडीपासून दूर नेल्यावरच पत्र्याला हात लावावा.

पार्ट आणि हत्यारं काय काय लागतील?

पंप किंवा पूर्ण मॉड्यूल, लॉक रिंगखालची (मॉड्यूल टाकीवर धरून ठेवणारी रिंग) नवी ओ-रिंग, पंपाच्या तोंडाची नवी जाळी, नवा फ्युएल फिल्टर. पत्र्याची टाकी असेल तर नवी लॉक रिंगही घेऊन ठेवा, जुनी गंजून पातळ झालेली असते.

हत्यारांत १० ते २१ मिमीचे सॉकेट, लांब दांड्याचा रॅचेट, टॉर्क रेंच, प्रत्येकी तीन टनांचे दोन जॅक स्टँड, दोन जॅक (एक ॲक्सलसाठी, एक टाकीसाठी), प्लायवूडचा तुकडा, ३/८ आणि ५/१६ इंची लाइन सोडवण्याची क्लिप, पितळी ड्रिफ्ट (ठोकण्याचा दांडा), हातोडी, गंज सोडवणारं तेल, नायट्राइलचे हातमोजे, डोळ्यांना गॉगल. एक्झॉस्टच्या आणि पॅनहार्ड बारच्या (ॲक्सल आडवा सरकू न देणारा दांडा) बोल्टांवर ते तेल आदल्या रात्रीच मारून ठेवा. क्यूबेकमधल्या कारखान्यातून निघालेल्या या गाड्यांनी उत्तरेकडच्या राज्यांत पंचवीस हिवाळे काढले असतील तर रस्त्यावरच्या मिठाने बोल्ट जाम झालेले असणार.

गॅरेजमध्ये पेट्रोलचं काम करणं कितपत सुरक्षित आहे?

दार उघडं असेल आणि ठिणगीची सगळी मुळं बंद असतील तरच करा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत पसरत जाते आणि कोपऱ्यात साचते. अमेरिकेत पुष्कळ घरांत गॅसवर चालणारा वॉटर हीटर गॅरेजमध्येच असतो. त्याची ज्योत जमिनीपासून किमान १८ इंच वर असावी असा नियम आहे तो याच कारणाने. पण टाकी उघडताना ती उंचीही पुरत नाही. हीटरचा गॅस बंद करा, पायलट (सतत जळणारी छोटी ज्योत) विझवा. शेजारच्या कपड्यांच्या ड्रायरलाही त्या दिवशी सुट्टी. सगळ्यात उत्तम म्हणजे टाकी उघडण्याचं काम बाहेर अंगणात करणं.

हॅलोजनचा दिवा नको, एलईडीच वापरा. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून बाजूला बांधा. एबीसी प्रकारचा अग्निशामक हाताशी ठेवा. आणि हे विसरू नका: रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोकादायक असते, कारण आत वाफ आणि हवा दोन्ही असतात.

टाकी रिकामी कशी करायची?

आधी गाडी चालवून काटा शेवटाजवळ आणा. भरलेल्या टाकीत नुसत्या पेट्रोलचं वजन चाळीस किलोच्या पुढे जातं आणि ते आत डचमळत असतं. ते जॅकवर तोलणं हा खेळ नाही.

पंप चालत असेल तर रेलजवळची लाइन सोडवून तिला नळी लावा, नळी पेट्रोलच्या लाल डब्यात सोडा आणि रिलेच्या जागी वायर लावून पंपालाच उपसा करू द्या. त्यासाठी बॅटरी तात्पुरती जोडावी लागेल. डबा जमिनीवरच ठेवा आणि कोरडं पडायच्या आत पंप थांबवा. पंप मेला असेल तर भरण्याच्या नळीतून सायफन लावून बघा. नळी आत अडकली तर टाकीकडचा जोड सोडवून तिथून काढा. तोंडाने ओढू नका, हातपंप पाच मिनिटांचं काम आहे.

टाकी उतरवण्याचा क्रम सांगा.

१. पेट्रोलचं झाकण काढून टाकीतला दाब सोडा. मग रेलवरच्या व्हॉल्व्हला फडकं धरून लाइनमधला दाब सोडा.

२. मागची चाकं काढा आणि स्टँड बॉडीखाली लावा, ॲक्सलखाली नाही, कारण ॲक्सलच खाली जाणार आहे. गाडीचं वजन दीड टनाच्या आसपास आहे. स्टँडवर बसल्यावर तिला हाताने जोरात हलवून बघा. हलली तर पुन्हा बसवा.

३. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमागचा क्लॅम्प सोडवा आणि सायलेन्सरचे रबरी हँगर साबणाच्या पाण्याने भिजवून काढा. पाइप ॲक्सलच्या वरून गेलेला आहे, त्यामुळे तो पूर्ण बाहेर ॲक्सल उतरल्यावरच येईल.

४. पॅनहार्ड बार, त्याचा आडवा ब्रेस आणि अँटी-रोल बारच्या लिंक काढा.

५. जॅक डिफरन्शियलखाली लावून ॲक्सलचं वजन घ्या. मगच शॉकअपचे खालचे नट काढा. आता ॲक्सल इंच-इंच खाली आणा. एकाने जॅक धरावा आणि दुसऱ्याने नजर ब्रेकच्या रबरी नळीवर, एबीएसच्या वायरवर आणि हँडब्रेकच्या केबलवर ठेवावी. नळी ताणली जातेय असं दिसलं की थांबा, तिचा ब्रॅकेट सोडवा आणि मग पुढे जा. स्प्रिंगा सैल पडल्या की हाताने निघतात. डावी-उजवी खूण करून ठेवा.

६. सायलेन्सरचा पाइप फिरवत बाहेर काढा.

७. पेट्रोल भरण्याच्या तोंडाभोवतीचे स्क्रू काढून नळी मोकळी करा.

८. प्लायवूड ठेवून दुसरा जॅक टाकीखाली लावा, पट्ट्यांचे बोल्ट काढा आणि टाकी फक्त दहा सेंटिमीटर उतरवा. इथे थांबायचंच. वर वायरिंगचा जोड, बाष्पाची नळी आणि पेट्रोलच्या लाइन अजून लागलेल्या आहेत. घाईत टाकी खाली ओढली तर प्लास्टिकचं टोक मोडतं आणि मॉड्यूल जुनं असो वा नवं, काम वाढतं.

लाइनचे जोड सोडवताना आधी हवा मारून माती उडवा. जोड टाकीच्या दिशेने थोडा आत दाबा, आतली पकड सैल होते. मग क्लिप घालून पूर्ण दाबा आणि सरळ ओढा. वाकडं ओढलं की पकड आणखी घट्ट होते. सुटताना थोडं पेट्रोल हातावर येणारच, चिंधी खाली धरा. प्रत्येक जोडावर मास्किंग टेपची खूण लावा. ९८ पर्यंतच्या गाडीत जाणारी आणि परत येणारी अशा दोन लाइन आहेत, तिथे ही खूण फार उपयोगी पडते.

लॉक रिंग फिरत नाही. काय करू?

आधी टाकीचा माथा ब्रशने झाडा आणि ओल्या फडक्याने पुसा. तिथे वर्षानुवर्षांची माती असते आणि झाकण उचललं की ती थेट पेट्रोलमध्ये पडते. मग पितळी ड्रिफ्ट रिंगच्या कानावर टेकवून डावीकडे ठोका. पितळच, कारण लोखंडावर लोखंड ठिणगी पाडतं. एकाच कानावर जोर काढू नका, समोरासमोरच्या कानांवर आलटून-पालटून ठोका. सुटताना रिंग एकदम उसळते.

मॉड्यूल सरळ उचललं तर फ्लोटचा दांडा काठाला अडकतो. थोडं तिरकं करून, फिरवत बाहेर काढा. तो दांडा वाकला की पेट्रोलचा काटा कायमचा खोटं बोलू लागतो.

फक्त पंप घालू की पूर्ण मॉड्यूल?

मॉड्यूलमधले वायरचे जोड जळकट किंवा वितळलेले दिसले, फ्लोटचा काटा आधीच चुकत असेल किंवा प्लास्टिकच्या कानाला चीर असेल तर पूर्ण मॉड्यूल घ्या. बाकी सगळं निरोगी असेल तर नुसता पंप स्वस्त पडतो आणि तितकाच चालतो.

नुसता पंप घालताना सगळ्यात जास्त चूक होते ती आतल्या नळीत. पेट्रोलमध्ये बुडून राहणाऱ्या नळीवर ‘एसएई ३०आर१०’ असं छापलेलं असलं पाहिजे. दुकानात सहज मिळणारी ३०आर९ ही बाहेरच्या वापराची आहे. ती आतून पेट्रोल वाहून नेते, पण बाहेरून बुडवून ठेवली की काही महिन्यांत फुगते, मऊ पडते आणि क्लॅम्पखालून निसटते. मग पंप जोरात चालतो, दाब मात्र येत नाही, आणि पुन्हा टाकी उतरवावी लागते. क्लॅम्पही फ्युएल इंजेक्शनचेच वापरा. भोकं असलेले साधे क्लॅम्प नळीत रुततात.

ताशी २५५ लिटरचा मोठा पंप घालावा का?

इंजिन मूळचंच असेल तर गरज नाही. टर्बो, सुपरचार्जर किंवा मोठे इंजेक्टर घालायचे असतील तर आत्ताच घाला, कारण परत टाकी उतरवायची कुणाचीच इच्छा नसते. मात्र मोठा पंप जास्त करंट ओढतो आणि कारखान्याची बारीक वायर व्होल्टेज खाते. त्यासोबत बॅटरीपासून वेगळ्या रिलेमार्फत येणारी जाड वायरही घाला.

परत जोडताना काय काय चुकतं?

ओ-रिंग. तिला कोरडी बसवली की रिंग फिरवताना पिळवटते. पेट्रोलचा किंवा स्वच्छ इंजिन ऑइलचा हलका हात फिरवून खाचेत नीट बसवा. जुनी परत वापरू नका, बाहेर काढली की ती फुगते आणि खाचेत मावत नाही.

जाळी टाकीच्या तळाशी दुमडली जाते. मॉड्यूल आत सोडताना एक बोट घालून ती सपाट आहे ना, बघा. नळ्या टाकी आणि पत्र्यामध्ये चिमटल्या जातात. टाकी वर नेताना दोन्ही बाजूंनी दिवा मारून पाहा. लाइनचा प्रत्येक जोड ‘टक्’ असा आवाज करून बसला पाहिजे, त्यानंतर तो ओढून बघायचा.

पॅनहार्ड बारचे बोल्ट गाडी हवेत असताना पूर्ण आवळू नका. चाकांवर वजन आल्यावरच आवळा, नाहीतर बुश पिळलेल्या अवस्थेत अडकतो आणि लवकर फाटतो. चाकांचे नट १०० फूट-पाउंड.

सुरू करण्याआधी तपासणी कशी करायची?

सायलेन्सर आणि ॲक्सल परत चढवण्याआधी करायची. टाकी पट्ट्यांवर चढली, लाइन आणि वायर जोडल्या, की आठ-दहा लिटर पेट्रोल घाला. बॅटरी जोडा. किल्ली दोन सेकंद ऑन, दहा सेकंद बंद, असं पाच वेळा. गेजवर दाब बघा. मग कोरडं फडकं प्रत्येक जोडावरून फिरवून नाकाशी धरा. आत्ता गळती सापडली तर वीस मिनिटांचं काम आहे, सगळं चढवल्यावर सापडली तर पुन्हा अख्खा दिवस.

गाडी सुरू झाली, पण पेट्रोलचा वास येतोय.

टाकी पूर्ण भरल्यावरच वास येत असेल आणि अर्धी झाल्यावर जात असेल तर दोष वरच्या ओ-रिंगचा किंवा भरण्याच्या नळीच्या जोडाचा. नेहमीच येत असेल तर दाबाच्या लाइनचा. तोवर गाडी बंद गॅरेजमध्ये ठेवू नका.

‘चेक इंजिन’ दिवा लागला.

पी०४४०, पी०४४२ किंवा पी०४४६ असेल तर बाष्पाची एखादी नळी सुटलेली आहे, तिचा व्हॉल्व्ह जोडायचा राहिलाय किंवा पेट्रोलचं झाकण सैल आहे. झाकणापासून सुरुवात करा. पी०४६२ किंवा पी०४६३ असेल तर फ्लोटची वायर बघा, ती जांभळी असते.

नवा पंप लवकर जाऊ नये म्हणून काय करावं?

पंपाला थंड ठेवतं ते भोवतीचं पेट्रोलच. काटा पाव टाकीच्या खाली जाऊ देऊ नका, विशेषतः टेक्सास-ॲरिझोनाच्या उन्हाळ्यात. फिल्टर वेळेवर बदला. चोंदलेल्या फिल्टरमागे पंप जोर काढत राहतो आणि त्याचा आवाज वाढत जातो. तो आवाज वाढल्याचं कानाला जाणवलं की त्याच आठवड्यात गेज लावा.